परत आलेलं पोलाद

शाळा सुटली की ठिणगी दप्तर जिन्याखाली भिरकावायची आणि तशीच कारखान्यात शिरायची. कारखाना म्हणजे घराचाच तळमजला. खिडक्यांखाली लाकडी बाकं, बाकांवर कानशी, कोपऱ्यात धार लावायचं चाक, आणि सगळीकडे तापल्या तेलाचा वास, जो तिच्या केसांतून सुट्टीतही जात नसे. इथे ऑपरेशनच्या कात्र्या आणि चिमटे बनत. पोलाद शेजारच्या गल्लीतल्या काकांच्या भट्टीतून येई.

ठिणगीचं काम जोड्या लावायचं. हाताने घासलेली दोन पाती कधीच एकसारखी नसतात. एका पात्याला साऱ्या ढिगात एकच दुसरं पातं नीट बसतं. ते बोटांनी चाचपून शोधायचं, दोघांवर आतून एक खूण ठोकायची, आणि मग ती जोडी कधी मोडायची नाही. पूर्वी हे काम आत्या करायची. भूमितीत काठावर पास होणाऱ्या ठिणगीला ते एका उन्हाळ्यात जमलं, तेव्हापासून ती घरात मान वर करून चालायला लागली होती.

"बोटं बरी आहेत," आत्या म्हणाली होती. "जिभेला जरा कानस मारायला हवी."

मागच्या अंगणात एक कोरडी विहीर होती. दवाखान्यांतून मोडून परत आलेली हत्यारं तिच्यात टाकायची, भट्टीत कधीच नाही, असा घरचा शिरस्ता होता.

"पण का?" ठिणगीने एकदा विचारलं होतं.

"टाकत नाहीत म्हणून."

"अगं आत्या, हे काय कारण झालं?"

"तुला कारण हवंय की जेवायला हवंय?"

त्या वर्षी एका मोठ्या दवाखान्याचं काम आलं आणि नेमका काकांकडचा माल संपला. भट्टी थंड पडली. बाबा जेवताना भाताशी नुसते खेळत बसत. आई पोटुशी होती, दिवस भरत आले होते, आणि डॉक्टरांनी तिला घोर लावून घ्यायचा नाही असं बजावलं होतं. पण नवराच असा बसल्यावर ती काय करणार?

ठिणगीला राहवेना. "बाबा, विहिरीत एवढं एक नंबर पोलाद पडलंय! वितळवलं की नवंकोरं. पोलादाला आठवणी नसतात हो, कार्बन असतो."

बाबा कित्येक दिवसांनी हसले. "पोरगी बरोबर बोलतेय."

आत्याने ताट बाजूला सारलं. "जे माणसाच्या आत जाऊन आलंय, ते पुन्हा घरात घेऊ नका."

कोणी ऐकलं नाही. काकांच्या माणसांनी दोर लावून विहीर रिकामी केली. त्या दिवसापासून आत्या ठिणगीशी बोलेनाशी झाली. मीठ हवं असलं तरी भिंतीकडे बघून मागायची.

नवं पोलाद दिसायला झकास होतं. घडवून, पाणी पाजून झाल्यावर बाबांनी पहिलं पातं चाकाला लावलं. चाक फिरलं, पातं घासलं गेलं, पण ठिणगी एकही उडाली नाही. आणि नेहमीच्या खरखरीऐवजी एक हलका आवाज आला. दुखऱ्या जागी हात लागल्यावर माणूस दातांतून श्वास आत ओढतो, तसा.

"मिश्रण वेगळं असेल," बाबा म्हणाले. पण त्यांनी चाक बंद केलं आणि जरा थांबूनच पुन्हा सुरू केलं.

ठिणगी जोड्या लावायला बसली. पहिल्या पात्याला हाताशी आलेलंच दुसरं बसलं. "वा!" तिसऱ्याला चौथं बसलं. तिने मुद्दाम ढिगाच्या तळातून एक ओढलं, तेही बसलं. "बाबा, बघा ना, कुठलंही कशालाही बसतंय! आजच आटपेल सगळं!"

बाबा बघायला आले. आत्याही दारात येऊन उभी राहिली. ठिणगीने आणखी एक जोडी लावली, मग आणखी एक, आणि तिचं हसू आपोआप ओसरलं. हाताने घासलेली पाती अशी बसत नाहीत. ती कोमट होती, आजारी माणसाचा हात हातात घ्यावा तशी.

कात्रीची परीक्षा ओल्या कापसावर होते. टोकाने कापूस अलगद तुटला की कात्री पास. या कात्र्यांच्या पात्यांमध्ये कापूस नुसता दुमडला, आणि जसा गेला तसा बाहेर आला.

"रुसल्यात बाया," पॉलिशकाका म्हणाले. पॉलिशच्या चाकावर बसणारा हा ढेरपोट्या माणूस ठिणगीच्या जन्माआधीपासून तिथेच होता. "यांना कापूस नकोय, दुसरंच काहीतरी हवंय."

कोणी हसलं नाही.

बाबांनी कात्र्या पुन्हा धारेला घेतल्या. चिमट्यांना कापायचं नसतं, म्हणून त्याच पोलादाचे पॉलिश झालेले चिमटे ठिणगीने ट्रेमध्ये भरले आणि वर आईकडे नेऊन दिले. एकेक चिमटा तेलकट कागदात गुंडाळायचा, बसल्याजागचं काम. "दे इकडे," आई म्हणाली, "नुसतं बसून अंगाला मुंग्या आल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिशकाका आले ते सदरा वर करूनच. पोटावर उजवीकडे एक तिरकी रेघ होती. जुनी, पांढुरकी, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके.

"बायको विचारतेय, लग्नाआधीचं काय लपवलंस म्हणून. मी उभ्या जन्मात ऑपरेशनच्या टेबलावर चढलो नाही हो!"

बाबांनी कॉलर वर ओढली. ठिणगीने ती खाली केली. जबड्याखाली तशीच रेघ होती.

"कधी झालं हे?"

"जा, शाळेत जा," बाबा ओरडले. ते तिच्यावर कधी ओरडत नसत.

ती शाळेत गेली नाही. बाथरूममध्ये कडी लावून तिने स्वतःचं सारं अंग तपासलं. कुठेच काही नव्हतं. सगळ्यांत जास्त पाती तर तिनेच हाताळली होती.

दुपारी पॉलिशकाका पोटाचं स्कॅन करून आले. घरात शिरले तेच कुणाचा तरी गळा धरायला आल्यासारखे. "डॉक्टर म्हणतो, अपेंडिक्स छान काढलंय. काढलंय! माझ्या आतलं माझं होतं ते! कुठंय ते? कोणी नेलं?"

"काका, आम्ही काय..."

"तूच ना गं ती कार्बनवाली?"

ठिणगीने आत्याकडे पाहिलं. आत्या इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघत होती.

"मला का काही झालं नाही, आत्या?"

"तुला नाही होणार," आत्या म्हणाली. "तूच तर त्यांना वर काढलंस."

आणि मग ठिणगीला वरचा ट्रे आठवला.

ती जिना कशी चढली ते तिलाच कळलं नाही.

आई खिडकीशी बसली होती. मांडीवर कागद, कागदात चिमटा. पोट तसंच भरलेलं, गोल.

"आई, टाक ते! टाक म्हणते ना!"

"अगं हळू! काय आग लागलीय?"

ठिणगीने चिमटा हिसकावून फेकला. आईचा गाऊन वर केला, पोट पाहिलं, कुशी पाहिल्या, पाठ पाहिली, मानेवरचे केस बाजूला करून पाहिलं. कातडी स्वच्छ होती. कुठेही रेघ नव्हती.

ती आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. आतून बाळाने तिच्या कानावर लाथ मारली. "बघ," आई हसली, "तुझ्यावर चिडलाय."

बाबांनी सगळी हत्यारं विहिरीत परत टाकली आणि तोंड सिमेंटने बुजवलं. दवाखान्याचं काम गेलं. पॉलिशकाका गेले ते परत आले नाहीत. आत्या पुन्हा ठिणगीकडे बघून मीठ मागायला लागली, पण 'बाळ' हा शब्द तिच्या तोंडून कधी आला नाही.

बाळ एका लख्ख सकाळी झालं. मुलगा. गुलाबी, जावळ भरपूर. तो रडला नाही, पण डोळे टक्क उघडे होते आणि हातपाय छान हलत होते. नर्सने त्याला पुसून काढलं आणि ठिणगीला आत बोलावलं. "ये ताई, भावाला बघ."

ठिणगी पुढे झाली. नर्सचा हात थांबला होता.

बाळाच्या छातीवर मधोमध एक रेघ होती. जुनी, पांढुरकी, दोन्ही बाजूंना टाक्यांचे बारीक ठिपके.

"हे कसलं..." नर्स पुटपुटली. तिने ठोके ऐकायची नळी कानांना लावली आणि तिची चकती त्या रेघेच्या डावीकडे टेकवली. मग जरा खाली. मग उजवीकडे.

तिने नळी कानांतून काढली, चकतीवर टिचकी मारून पाहिली, आणि पुन्हा लावली.

बाळाने भलीमोठी जांभई दिली.

नर्स अजून ऐकतच होती.