चोरगुणक

बाणेरच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी पेढे वाटले जात होते. डॉ. हेरंब गद्रेच्या 'मितांग' अ‍ॅपचं वजनभाकीत आता शंभरातल्या सत्त्याण्णव जणांच्या बाबतीत किलोभराच्या आत खरं ठरत होतं. कॅलरी मोजणाऱ्यांनीच पेढे हाणले, आणि ते कुणी लिहिले म्हणाल तर नाव नको!

"इतकं अचूक येतंच कसं?" महिन्यापूर्वी रुजू झालेल्या शरीरशास्त्रज्ञ डॉ. नसीमा मुल्लांनी विचारलं.

"आपली माणसं लिहिण्यात चोरी करतात," हेरंब खुशीत म्हणाला. "पोराच्या ताटातलं उरलेलं संपवतात, ते लिहीत नाहीत. चतुर्थीला 'उपास' लिहून मोकळे, आणि वर बशीभर साबुदाण्याची खिचडी! म्हणून मी चोरगुणक बसवला. लिहिलेल्यात अ‍ॅप गुपचूप चारशे कॅलरी मिळवतं. वजन भाकिताच्या रेषेवर उतरलं नाही, की चोरी वाढली असं धरतं आणि रोजचं खाणं आणखी कमी करायला सांगतं."

"आणि एखादी बाई खरंच सगळं लिहीत असेल तर?"

"अशी बाई दाखव, अख्खा डबा पेढे मी एकटा खातो."

तेवढ्यात कराडहून भावोजींचा फोन आला. मेघनाताई, म्हणजे हेरंबची थोरली बहीण, शाळेत फळ्यासमोर गणित सोडवताना कोसळली होती. नाडी चाळीस. शुद्धीवर येत होती, पण डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते.

दिवाळीत, "ताई, बघ, मार्चपर्यंत बारा किलो!" असं चिडवत हेरंबनंच तिच्या फोनमध्ये अ‍ॅप घातलं होतं.

त्यानं तिची अन्ननोंद उघडली. 'पोराच्या ताटातला भात, दोन घास.' 'कढीपत्ता, सहा पानं.' 'चतुर्थी, उपास, एक पेला ताक.' आणि खरंच तेवढंच.

नसीमा खांद्यावरून वाचत होत्या. "तू धरलंस की ही चारशे जास्त खाते. ती खातच नव्हती. मग शरीर कंजूष झालं. नाडी मंदावली, हातपाय गार पडले, वजन उतरायचं थांबलं. अ‍ॅपला वाटलं, चोरी वाढली. त्यानं आणखी कापलं. पुन्हा थांबलं, पुन्हा कापलं."

"पण बाराशेच्या खाली जायचं नाही, अशी मर्यादा घातली होती मी!"

"चोरीचे चारशे वाढत सहाशे झाले. ते धरून बाराशे. तिला सांगितले सहाशेच."

हेरंबनं तिचा आलेख उघडला.

"तिच्या भाकितात चूक किती आहे?" नसीमांनी विचारलं.

"शून्य."

"शून्यच असणार. चोरी करणाऱ्याचं खाणं कापलं तर तो आणखी चोरतो, म्हणून थोडी चूक उरते. प्रामाणिक माणूस मात्र रेषेवर येईपर्यंत उपाशी राहतो. हेरंब, शून्य चूक असलेली सगळी नावं काढ."

नावं काढायची गरजच नव्हती. ती समोरच्या भिंतीवर झळकत होती. 'सुवर्णरेषेचे मानकरी', चार हजार एकशे बारा. प्रत्येकाला हेरंबच्या सहीनं अभिनंदनाचा निरोप गेला होता. ताईलाही.

"आता गुणक काढला तर सगळी भाकितं कोसळतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"कोसळू देत!" हेरंब ओरडला. त्यानं अ‍ॅप बंद केलं, चार हजार एकशे बारा जणांना 'आजपासून पोटभर जेवा, लगेच डॉक्टरांना दाखवा, चूक आमची आहे' असा निरोप पाठवला आणि गाडी काढली. वाटेत त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की भावोजींचा दुसरा फोन घ्यायचाही धीर होईना.

दुपारी तो पोचला तेव्हा ताईला सलाईन लावलं होतं. धोका टळला होता. उशाशी फोन होता.

"हेरंबा, ह्या बाटलीत साखर असते ना रे? किती लिहू?"

त्यानं फोन काढून घेतला. त्याला तिच्याकडे बघवेना. तिनं थंडगार बोटांनी त्याचं मनगट धरलं.

"रागावू नकोस. संक्रांतीला अर्धी गुळपोळी खाल्ली आणि लिहायची राहिली. तेव्हापासूनच त्यानं माझं जेवण कापायला घेतलं." ती ओशाळून हसली. "एकदाच चोरी केली रे. पण कळलं बघ त्याला."