एक खरं, एक खोटं

ट्रकच्या टायरची ट्यूब हातभट्टीच्या दारूने भरून पोटाला बांधली आणि वर सैल सदरा घातला, की माणूस नुसता लग्नात जेवून आल्यासारखा दिसतो.

मराठी सातवी पास. गावात पहिला.

ग्रेगरीचं लग्न अंधेरीला झालं. नवरी वांद्र्याची.

आई गेली ती मराठी प्रार्थना पुटपुटतच.

कारखान्याच्या फाटकावरचा माणूस मान वर न करता म्हणतो, "मॅट्रिक? इंग्लिश? नाय ना? मग बाजूला हो."

…आणि एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या एका संध्याकाळी, गोराईच्या कौलारू घरात, सतरा वर्षांचा लिओनार्ड थोरल्या बहिणीसमोर उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत असं काही होतं, की सिसिलियाच्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप तसंच राहिलं.

"आज होडीत ग्रेगरी भेटला," तो म्हणाला. "सगळं सांगितलं त्याने. मला विचारलंस का गं, बाय? एकदा तरी?"

विचारलं नव्हतं…

दारूबंदी आली तेव्हा त्यांच्या बापाचा माडी काढायचा धंदा एका दिवसात गुन्हा ठरला. हात रिकामे झालेला तो माणूस फार जगला नाही, पाठोपाठ आई गेली, आणि गावच्या मराठी शाळेत शिकवणारी सिसिलिया धाकट्या भावाची आई होऊन बसली. त्याला सातवीनंतर खाडीपलीकडे इंग्रजी शाळेत घालायचं, हे तिचं एकच स्वप्न. पण चोपन्नच्या जानेवारीत सरकारचा हुकूम निघाला: ज्यांची भाषा इंग्रजी नाही, त्यांना इंग्रजी शाळेत प्रवेश नाही. तेव्हा ग्रेगरीशी तिचं लग्न ठरलेलं होतं. तो सहज म्हणाला होता, की आमच्या अंधेरीच्या घरात इंग्रजीच चालते, पोराला आमच्या पत्त्यावर घाल, भाषा इंग्रजी सांग, बघायला कोण येतंय?

तिला ते जमलं नाही. आईची माती अजून ओली होती. त्या माउलीने आयुष्यभर ज्या भाषेत देवाला हाक मारली, ती आमची नव्हेच असं सांगायचं? तेही मी, रोज पोरांना तीच शिकवणारीने? शब्दाला शब्द वाढला, लग्न मोडलं. लिओनार्डला तिने एवढंच सांगितलं, की सरकारने दार बंद केलंय. तो मामाच्या होडीवर गेला आणि त्या शाळेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

आता पोरगा होडी सोडून ट्यूब वाहत होता, हे तिला उमजत होतं. विचारायचं धैर्य मात्र होत नव्हतं…

"खरेपणा तुझा," लिओनार्ड म्हणाला, "आणि भरतोय मी."

तेवढ्यात दाराशी बूट वाजले. दोन शिपाई आणि एक जमादार आत आले. कोंबड्यांच्या खुराड्यामागून त्यांनी ट्यूब ओढून काढली. लिओनार्डचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोणाची?"

"माझी," सिसिलिया म्हणाली.

जमादार हसला. "मास्तरीणबाई, पाढे शिकवता की पावशेर?"

"दिवसा पाढे," ती म्हणाली. "पोराला काही ठाऊक नाही."

शाळेच्या दारात जे खोटं तिच्या जिभेवर आलं नव्हतं, ते आता किती अलगद आलं… चार वर्षं उशिरा. लिओनार्डने तोंड उघडलं, पण तिने त्याच्याकडे अशा काही करुणेने पाहिलं, की त्याने ते मिटून घेतलं. कोर्टात तिने गुन्हा कबूल केला. तीन महिने.

ती सुटून आली तेव्हा गोराईच्या धक्क्यावर तो एकटाच उभा होता. शाळेने नवी बाई नेमली होती, हे त्यानेच सांगितलं. आणि मग, मान खाली घालून, की विक्रोळीला कारखान्यात हेल्परचं काम मिळालंय, पोलिसांत नाव नाही ना, हे त्यांनी आधी पाहिलं…

"तू का गेलीस, बाय? मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो."

"ठाऊक आहे. पहिल्यांदाही तुला न विचारता ठरवलं, दुसऱ्यांदाही तसंच." सिसिलिया म्हणाली. "मला दुसरं काही येतच नाही रे."

"मग आता विचार."

"काय विचारू?"

"काहीही."

मग ती, शाळेत पहिल्या दिवशी पोरं विचारतात तसं, घाबरत म्हणाली, "तुझ्याबरोबर घरी येऊ का?"

लिओनार्डने तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि लहान पोरासारखा हुंदके देत पुढे चालू लागला.

इंग्रजी शाळेचं दार बंद करणारा तो हुकूम न्यायालयाने चोपन्नच्या मे महिन्यातच कायमचा रद्द केला होता. ती शाळा उघडली जूनमध्ये.