ओव्हनवाल्याचा पहिला घास

ओव्हनवाल्यानं भोपळ्याच्या पायचा, म्हणजे कुरकुरीत पारीत गोड भोपळा भरून भाजलेल्या त्या विलायती पदार्थाचा, एक अख्खा तुकडा खाल्ला आणि आपण होऊन दुसरा मागितला, की भाचीला दाराजवळचं काचेचं कपाट मिळणार होतं. नुसतं कपाट नव्हे. त्यात काय ठेवायचं, ते कसं करायचं, आणि मुख्य म्हणजे मामांना न विचारता करायचं, हा हक्क. तीन वर्षं मामांच्या बेकरीत, मामांच्या मापानं, मामांच्याच पाककृती करत आलेल्या मुलीला या हक्काचं मोल काय वाटतं, ते ज्याला असा मामा आहे त्यालाच कळेल. आणि त्यानं नाही खाल्ला, तर? तर पिठातला हात कायमचा सुटणार होता. गल्ल्यापाशी बसायचं, पुड्या बांधायच्या, गिऱ्हाइकाकडे बघून गोड हसायचं, बस्स.

एवढा नफा-तोटा ज्याच्या एका घासावर टांगलेला, त्या माणसाशी तिची पहिली भेट मात्र चक्क भांडणानं झाली होती.

त्या सकाळी मोठा ओव्हन थंड पडला आणि मामा गरम झाले. फोन गेले, आणि अर्ध्या तासात हत्यारांची पेटी घेऊन तो आला. डोक्याला टोपी, नाकातोंडावर घट्ट मास्क. दोन भुवया आणि त्यांच्याखालचे दोन डोळे, एवढाच काय तो माणूस दिसत होता. तासभर तो ओव्हनमध्ये डोकं घालून बसला. बाहेर आला तेव्हा पापण्यांवर काजळी होती.

"मागच्या डाव्या कोपऱ्यात आच जास्त लागत होती," तो म्हणाला. "तिथली बिस्किटं करपत असतील रोज."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ओव्हननं."

हे तिला आवडलं. कामाला आलेल्या प्रत्येकाला देतात तशी तिनं केकची बशी पुढे केली, आणि हा गडी साप दिसावा तसा दोन पावलं मागे सरकला.

"नको."

"आत्ताच काढलाय. ऊन ऊन आहे."

"दिसतंय. नको."

"बरं, मग बिस्किट?"

"तेही नको."

आता मात्र तिचं डोकं फिरलं. "आमच्याकडे तोंडावरचा मास्कसुद्धा काढवत नाही तुम्हाला? इतकं घाण वाटतं का दुकान?"

"मालकीणबाई, दुकान माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे. पण हवेत मैदा आहे ना..."

"बेकरी आहे ही! हवेत मैदा नाही तर काय, अत्तर असणार? आणि मी मालकीण नाही. भाची आहे."

"तर भाचीबाई," तो शांतपणे म्हणाला, "मला गहू चालत नाही. आवडत नाही असं नव्हे — चालतच नाही. गव्हातलं ग्लूटेन चिमूटभर पोटात गेलं, तरी आठवडाभर आडवा."

तिनं बशी हळूच खाली ठेवली. "म्हणजे दिवसभर तुम्ही बेकऱ्यांचे ओव्हन नीट करता, आणि..."

"आणि आजवर एकातलंही काही खाल्लेलं नाही. गावातली शंभर लग्नं जुळवून स्वतः बिनलग्नाचा राहतो ना एखादा, तसं."

"तसेही आहात का?" तिच्या तोंडून निसटलंच.

तो हसला. मास्कमुळे हसू डोळ्यांतच मावेल तेवढं मावलं. तेवढंही पुष्कळ होतं.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. म्हणे कोपऱ्यातली आच बघतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात दाराचं रबर. मग तापमानाच्या काट्याचा आकडा एका अंशानं पुढे पळतो, म्हणून. खरं सांगायचं तर ओव्हनला काही झालेलं नव्हतं. काय झालं होतं ते ओव्हनवाल्याला.

आत मैदा, म्हणून काम संपलं की तो मागच्या अंगणात उलट्या क्रेटवर बसायचा, मास्क गळ्यात ओढायचा, आणि ती जाळीच्या खिडकीतून बोलायची. तिथेच तिला तो पहिल्यांदा पुरता दिसला. हनुवटीवर खळी होती. इतके दिवस ही झाकून ठेवली म्हणजे फसवणूकच, असं तिला वाटलं.

"कधी खावंसं वाटलं नाही?" तिनं एकदा विचारलं.

"सहा वर्षांचा होतो. नुकतंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका दुकानाच्या काचेत भोपळ्याचा पाय ठेवलेला. केशरी... वर दालचिनीची पूड. मी काचेला नाक लावून उभा. आईनं ओढून नेलं. काचेवर नाकाचा ठसा राहिला."

त्यावर ती बोलली ती संध्याकाळी, मामांपाशी.

"गव्हाविना पाय?" मामा म्हणाले. "बिनपिठाची बेकरी काढ उद्या. असं मागणारी गिऱ्हाइकं येतात किती? बोटं मोज."

"येतात आणि काचेतून बघून निघून जातात, मामा. त्यांना मोजतं कोण?"

मामांनी तिच्याकडे बघितलं, मग मागच्या अंगणातल्या क्रेटकडे बघितलं, आणि दोन्हींची बेरीज मनातल्या मनात केली. "परवा तर तुमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. ठीक आहे. त्या ओव्हनवाल्यालाच खाऊ घाल. अख्खा तुकडा खाल्ला आणि दुसरा मागितला, तर ते कपाट तुझं. नाहीतर गल्ला. कबूल?"

"कबूल."

तिला वाटलं, सोपं आहे. मैदा काढायचा, तांदळाचं पीठ घालायचं. भ्रमाचा भोपळा पहिल्याच दिवशी फुटला. मैद्याच्या पिठाला चिवटपणा असतो, ओढलं तरी एकमेकांना धरून राहतं. तांदळाच्या पिठाला शेजारच्या कणाशी काही घेणंदेणं नसतं. पारी उचलली, की वाळूसारखी सांडायची. तिनं बदामाची पूड घातली, कॉर्नफ्लोअर घातलं, शेवटी थोडं इसबगोल घातलं.

"इसबगोल?" मामा ओरडले. "पाय करतेयस की पोट साफ करायचंय?"

पण इसबगोल पाणी प्यालं, फुगलं, आणि सगळ्यांना धरून बसलं. थंडगार लोणी, बर्फाचं पाणी, दोन बटर पेपरांच्या मध्ये लाटायचं. भोपळा उभा चिरून, बिया काढून, भाजायचा. मग गर फडक्यात बांधून टांगायचा, म्हणजे पाणी निथळतं आणि रंग गडद होतो. अंडी, साय, ब्राऊन शुगर, दालचिनी, सुंठ, जायफळ. लहान ओव्हन त्यानंच आणून दिला. "कोरा आहे. याला मैदा माहीतच नाही," म्हणाला, आणि लाजला. आपल्याबद्दलच बोलल्यासारखं वाटलं असावं.

रविवारी बेकरी बंद. मागची खोली तिनं तीनदा धुतली. लाटणं नवं, चाळणी नवी, अ‍ॅप्रन कडकडीत पाण्यात धुतलेला. दुपारी तो आला, सोबत त्याची आई. आईनं पिशवीत घालून घरची बशी आणली होती, काटाही आणला होता. विश्वास किती, ते त्या पिशवीवरूनच कळत होतं.

पाय समोर आला. कडा सोनेरी, मधे मऊ केशरी, कुठे एक चीर नाही. भाचीनं तुकडा कापला. पारीचा बारीक कुरकुर आवाज झाला, आणि ओव्हनवाल्यानं डोळे मिटले. मास्क काढला. काट्यावर घास घेतला.

मामांना राहवेना. पैज लावली असली तरी भाची त्यांचीच. "दाराच्या काचेतून बघत होतो सकाळी. हात काय बसलाय पोरीचा! वरचा कागद चिकटला, तर नुसती चिमूट भुरभुरवली आणि सर्रकन सोडवला. माझीच शिकवण."

भाचीनं सुरी खाली ठेवली. "कसली चिमूट?"

मामांच्या बेकरीचा रिवाज होता: प्रत्येकाच्या अ‍ॅप्रनच्या डाव्या खिशात कोरडा मैदा. लाटताना चिकटलं, की डावा हात आपला आपण जातो. डोक्याला विचारत नाही. अ‍ॅप्रन तिनं धुतला होता. पण सकाळी अंगावर चढवताना तीन वर्षांच्या सवयीनं खिसा भरलाही होता. तिनं डाव्या हाताकडे पाहिलं. नखांच्या कडा पांढऱ्या.

काटा त्याच्या ओठांपाशी होता.

"खाऊ नकोस!"

तिनं त्याचं मनगट इतक्या जोरात धरलं, की काटा खाली, घास खाली.

"मैदा आहे त्यात," ती म्हणाली. "माझ्या हातानं पडला. मला कळलंसुद्धा नाही."

"अगं, चिमूटभरच असेल," मामा पुटपुटले.

"चिमूटभरच पुरतो, मामा." तिनं अ‍ॅप्रनची गाठ सोडली. "हरले मी. उद्यापासून गल्ल्यावर बसते."

"हरलीस कशी?" ओव्हनवाला म्हणाला. मनगट अजून तिच्याच हातात होतं, आणि ते सोडवून घ्यायची त्याला काही घाई दिसत नव्हती. "मी खाल्लंच नाही अजून. न खाता नापास कसा करू?"

त्याची आई उठली. बशी पिशवीत घातली, काटा धुऊन पुसून घातला. सगळ्यांना वाटलं, निघाली.

"पोरी," ती म्हणाली, "बावीस वर्षं मी लोकांना विचारतेय, यात गहू नाही ना? सगळे नाही म्हणतात. निम्मे खोटं बोलतात, उरलेल्यांना ठाऊकच नसतं. आहे म्हणून ओरडणारी तू पहिली. भोपळा उरलाय का?"

"अर्धा... टांगलेला आहे."

"घे तो. माझ्या ओट्यावर कर."

"आई!" तो उडालाच. "मला तर तू ओट्याला बोट लावू देत नाहीस."

"तुला येतं काय?"

मामाही निघाले, पंच म्हणून. वाटेत त्यांनी तो मैदेवाला पाय संपवत आणला. अन्न वाया घालवू नये, हे त्यांचं तत्त्व. आणि चवीला नावं ठेवणारं एक अक्षर ते बोलले नाहीत, यातच काय ते आलं.

त्या घरात शिरायचं म्हणजे कोपरापर्यंत हात धुवायचे, कपडे बदलायचे. आईनं आपला धुवट ड्रेस दिला. तो तिला दोन्हीकडून सैल होता, पण ओव्हनवाल्याला तो सैल वगैरे काही दिसला नाही. ती लाटायला लागली. कागद चिकटला, आणि डावा हात सवयीनं खिशाकडे गेला. तिथे खिसा नव्हता. तिथे ओव्हनवाला उभा होता.

त्यानं हात धरून ठेवला. "हा मी सांभाळतो. तुम्ही उजव्यानं लाटा."

"एका हातानं लाटता येत नाही."

"मग थोडा वेळ थांबू."

"लोणी वितळेल."

"वितळू दे की..."

"लोणी वितळलं तर पारी बिघडेल," आई पाठ न वळवता म्हणाली. "हात सोड तिचा."

घरच्याच ओव्हनमध्ये पाय भाजला. मधोमध किंचित थरथरतोय, तोवरच काढला. आता दोन तास थंड व्हायला हवा. असे दोन तास कुणी मोकळे सोडतं का? दोघं गच्चीत जाऊन उभी राहिली. खाली रस्ता वाहत होता. तिच्या केसांना जायफळाचा वास होता.

"मघाशी तुम्ही मला एकेरी हाक मारलीत," तो म्हणाला.

"घाईत."

"मग अशाच घाईत राहा."

ती हसली, पण तिकडे बघून.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "गेले दोन महिने... तुमच्या ओव्हनला काही झालेलं नाही."

"माहितेय."

"माहितेय?"

"चालवते कोण तो? मी. दाराचं रबर तुम्ही चांगलं असताना बदललंत. काट्याचा आकडा कधी पळालाच नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर..." ती कठड्यावरचा नसलेला मैदा झटकू लागली. "तर तू आला असतास का?"

यावर तो जे म्हणाला ते इतकं हळू म्हणाला, की शेजारच्या खिडकीत कान लावून बसलेल्या मामांनासुद्धा ऐकू आलं नाही. पण भाची मागे वळली तेव्हा तिचा चेहरा बघून त्यांना जे कळायचं ते कळलं. त्यांच्या मनात कपाट रिकामं करायला तेव्हाच सुरुवात झाली.

पाय थंड झाला. आईच्या बशीत, आईच्या काट्यानं, त्यानं पहिला घास घेतला. पारी कुर्रकन मोडली, भोपळा जिभेवर विरघळला. तो चावतच राहिला, सावकाश, पंगतीत शेवटचा बसलेल्या माणसासारखा. आईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. दुसरा घास. तिसरा. जाड कडही खाल्ली. बशीतले कण बोटानं टिपले. मग डोळे पुसले आणि बशी पुढे केली.

"अजून."

"ऐकलंत ना, मामा?" भाची ओरडली. "ऐकलंत? अजून म्हणाला!"

"बहिरा नाही मी," मामा म्हणाले, आणि त्यांनी नाक शिंकरलं. जायफळानं होतं तसं, असं त्यांनी सांगितलं. "उद्या सकाळी कपाट पुसून घे. काय ठेवायचं ते तू ठरव, पण त्यात हा पाहिजे, रोज. आणि कर इथेच, या ओट्यावर. ताई परवानगी देत असतील तर."

"परवानगी कसली?" आई म्हणाली. "घरातल्या माणसाला परवानगी लागते का?"

आणि या सगळ्याचं मोल कुणी चुकवलं म्हणाल, तर हिशोब सरळ आहे. पायचे तुकडे आठ. आईनं एक खाल्ला, आणि बावीस वर्षं कुणाला न दिलेला ओटा दिला. मामांनी एक खाल्ला, आणि त्याबद्दल कपाट दिलं. एवढा महाग तुकडा आजवर कुणी खाल्ला नसेल. पाच एकट्या ओव्हनवाल्यानं खाल्ले, त्यानं काय दिलं ते गच्चीला ठाऊक. आठवा तुकडा भाचीचा. तिनं तो काट्यावर घेतला, अर्ध्यातून हात वळवला आणि त्याच्या तोंडात घातला. करणारीच्या वाट्याला काय आलं, हे विचारायचं त्या खोलीत कुणालाच सुचलं नाही. तिला तर नाहीच.