मोह वाळत घातलेला दगड

सकाळी मी तुला पितरांच्या खोलीत राख पसरायला सांगितली, तेव्हा तू हसलीस, नंदी. म्हणालीस, "आजी, मेलंय कोण?"

मी म्हटलं, "तू पसर तर. चाळून पसर. चिमणी बसली तरी उमटली पाहिजे."

तू पसरलीस, दार ओढून घेतलंस आणि पानं आणायला गेलीस. आता पत्रावळी टाचता टाचता ऐक. दिवा जरा माझ्याकडे सरकव.

तेव्हा मी सोळा-सतराची असेन. मोठ्या दुष्काळानंतर सालाचं झाड तीनदा फुललं होतं, एवढं पक्कं आठवतं. मी माहेरी, गावाच्या वरच्या वस्तीत, वरच्या टोलीत, बापाजवळ. आई आदल्या वर्षी गेली होती. तिची हाडं सासनात, कुळाच्या हाडांच्या जागेत, ठेवून वर दगड ठेवायला बापाने बारा माणसं लावली होती. आपल्याकडे सासनातला दगड म्हणजे नुसता मेल्याचा दगड नसतो, तुला माहीत आहे. त्यावर बसून माणसं तंबाखू मळतात, पोरं झोपतात, धान्य वाळतं. आपलीच माणसं खाली आहेत, त्यांना कसला विटाळ? मी रोज पहाटे मोह वेचायची आणि आईच्या दगडावर वाळत घालायची. दुपारपर्यंत दगड असा तापायचा की वाटायचं, आईच्या पोटाला हात लावलाय.

त्या साली रेल्वेची मोजणी आली. आधी कुऱ्हाडी ऐकू आल्या. मग एक दिवस डोंगरावर पाहिलं तर जंगलाला भांग पाडलेला. सरळ, पांढरा. सालाच्या चिकाचा वास गावभर. मागून एक साहेब, वीसेक मजूर, मोजायची लोखंडी साखळी आणि मोजणीचा कारकून, निबारण अमीन. साहेब तिपाईवरच्या पितळी दुर्बिणीला डोळा लावून तासन्‌तास उभा राहायचा. आम्ही पोरी म्हणायचो, "एक डोळा मिटून बघतो मेला, याला जग अर्धंच दिसणार."

निबारण अमीन बंगाली, पण आपली बोली बोलायचा. वाईट नव्हता. आमच्याकडे पाणी प्यायला यायचा आणि ओंजळीत मोह मागून घ्यायचा. एका संध्याकाळी म्हणाला, "जेमा, उद्या तुमच्या टेकडीचा निकाल. रेघ वरच्या अंगाने न्यायची की खालच्या, ते ठरायचंय."

"वर तर आमचं सासन आहे," मी म्हटलं.

"आणि खाली खालच्या टोलीचं. मागच्या गावात सासनात खुंटी ठोकली, तर लोकांनी धनुष्यं काढली. तेव्हापासून साहेब म्हणतो, माणसं पुरलेली असतील ते सोडून जायचं." मग तो हसला. "पण तुमच्या दोन्ही सासनांत मोह वाळतोय गं. साहेबाला कसं कळावं, हे सासन की खळं?"

तो सहज बोलून गेला. मी मात्र रात्रभर ते चघळत पडले.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव मोहाला गेलेलं. मी पोट दुखतंय म्हणून मागे राहिले. ऊन चढल्यावर आईच्या दगडावरची सगळी फुलं टोपलीत भरली. दगड झाडला, धुतला, तेल-हळद लावली, सालाची फुलं वाहिली. आणि टोपली घेऊन खाली गेले. खालच्या सासनात एक दगड अगदी वाटेवर होता. खालच्या टोलीतल्या पेलोकाकीच्या नवऱ्याचा. त्या दिवशी तो रिकामा होता. त्यावर मी मोह पसरला. शेजारच्या दोन दगडांवरही पसरला. एका दगडाला मुसळ टेकवून ठेवलं.

मग साखळी वाजली. खळ्‌... खळ्‌... मी पळाले. पळताना आदल्याच दिवशी ठोकलेल्या एका खुंटीला उजवा पाय आपटला आणि करंगळी मोडली. ती अजून तशीच आहे, बाहेर वळलेली.

अमिनाने मला लंगडताना पाहिलं. साहेबाने काहीतरी विचारलं. अमीन माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरी, साहेब विचारतो, खालचे ते दगड कसले?"

"मोह वाळवायचे," मी म्हटलं.

खोटं होतं का ते? एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणून तर अजून गिळवत नाही.

साहेबाने पलीकडच्या डोंगराकडे हात केला. तिथे एकजण लाल-पांढरी झेंडी धरून उभा होता. साहेबाचा हात डावीकडे, की झेंडी डावीकडे. झेंडी खालच्या सासनाच्या रेषेत आली आणि साहेबाने हात खाली टाकला. ती झेंडी ज्याच्या हातात होती तो तुराम, पेलोकाकीचा मुलगा. तुझा आजोबा. त्याला तिथून आपल्या बापाचा दगड दिसत नव्हता. हात हलेल तसं हलायचं, एवढंच त्याचं काम.

संध्याकाळी पेलोकाकी आमच्या दारात आली. डोक्यावर माझी टोपली, फुलांनी भरलेली.

"जेमा, तुझा मोह राहिला होता गं आमच्या म्हाताऱ्याच्या अंगावर. ऊन कललं की उचलावा पोरी, दव पडलं तर कुजतो." मग हसून म्हणाली, "आमच्याकडे वाळत घालायला लागलीस, आता नांदायलाच ये."

आणि मी गेले की. त्यानंतरच्या माघात तुरामशी माझं लग्न झालं. लग्नानंतर दोन पावसाळ्यांनी सुरुंग लागले. पेलोकाकी, म्हणजे आता माझी सासू, भाताचं पातेलं उतरवत होती. आवाज झाला, तशी ती पातेलं हातात घेऊनच उभी राहिली. हात भाजत होते, तरी खाली ठेवेना. सासऱ्याच्या दगडाचे तुकडे पुलाच्या पायात गेले. खालची हाडं कोणी शोधलीच नाहीत.

तुराम त्या दिवसापासून कमी बोलायला लागला. हंडिया, तांदळाची दारू, चढली की उजवा हात पुढे धरायचा आणि म्हणायचा, "या हाताने धरली होती झेंडी. बापाच्या छातीवर मीच नेली रेघ." मी त्याचा हात धरून खाली घ्यायची. "तुला काय ठाऊक होतं?" म्हणायची. बस, एवढंच म्हणायची. चाळीस वर्षं त्याने माझं पाप वाहिलं आणि मी त्याला भात वाढला.

सासू गेली ती पावसाळ्यात. आदल्या दिवशी मला जवळ बोलावलं. म्हणाली, "जेमा, त्या दिवशी तुझ्या आईचा दगड रिकामा का होता गं?"

मी म्हटलं, "कुठल्या दिवशी, आई?"

ती बघत राहिली. मग भिंतीकडे वळली.

तिची सावली, तिचा जीव, घरी आणायची संध्याकाळ आली. दोन माणसं नांगराचे फाळ घेऊन तिला जाळलं त्या जागेकडे गेली. मी आत, पितरांच्या खोलीत. राख पसरलेली, दार बंद; सावली आत आली की राखेत पाऊल उमटतं. बाहेरून फाळावर फाळ वाजायला लागला. टण... टण... हाक आली, "ये गं, घरी ये, ऊन-पावसात राहू नको..." आवाज अंगणात आला, ओसरीवर आला, दाराशी थांबला. बाहेरून तुरामने विचारलं, "आली का?"

मी राखेकडे बघितलं. काही नव्हतं. मुंगीचं पाऊलही नाही. खोलीत मात्र वास होता... ताज्या मोहाचा. भर पावसाळ्यात.

"आली का, जेमा?"

बाहेर सगळी टोली उभी. नाही म्हटलं तर विचारतील, का नाही आली? कशाने अडली? मग कौल लावणारा देवरा येईल, तांदूळ टाकून बघेल... मी मूठ वळली आणि मुठीची कड राखेत दाबली. वर बोटांनी पाच टिंबं. लहान मुलाचं पाऊल काढतात तसं.

"आली," मी म्हटलं.

बाहेर बायका रडल्या, ढोल वाजला. तुरामने आत येऊन ते पाऊल पाहिलं आणि पहिल्यांदा हसला, "बघ, माफ केलं तिने मला."

तुराम गेला तेव्हाही तसंच झालं. राख कोरी. तोच वास. पुन्हा मीच आत, पुन्हा माझीच मूठ. या वेळी जरा मोठं काढलं, पुरुषाचं. ओल्या हाताने काढलं, कारण मी रडत होते. दोघंही बाहेरच राहिली, नंदी. घरात त्यांच्या नावाने आपण जो घास ठेवतो, तो कोण खातं, मला माहीत नाही.

त्यानंतर दुपारचा तो टण टण आवाज सुरू झाला. तू नेहमी म्हणतेस, रेल्वेचा चावीवाला रूळ ठोकून तपासतो. मलाही तसंच वाटायचं. एकदा त्याला बोलावून विचारलं, "बाबा, भर उन्हात कशाला हिंडतोस?" तर तो म्हणाला, "आजी, माझी फेरी सकाळची. दुपारी मी बायकोच्या शिव्या खात घरी असतो."

तो आवाज मी ओळखते. रुळावर हातोडीचा आवाज जड असतो. हा फाळाचा आहे. आधी खालून, पुलाजवळून यायचा. गेल्या वर्षी चिंचेपर्यंत आला. माझे गुडघे गेले, तू मला उचलून ओसरीवर बसवायला लागलीस, तेव्हा तो कुंपणापाशी होता. काल अंगणात होता. टण... आणि मग कोणीतरी नुसता श्वास घेतो, हाक मारायच्या आधी घेतात तसा.

आपण मेलेल्याला आत बोलावतो, पोरी. ज्यांना आत येता आलं नाही, ते बाहेरून कुणाला बोलावत असतील?

म्हणून आज राख पसरायला लावली. तू पानं आणायला गेलीस तेव्हा मी इथूनच, ओसरीवरूनच, मोठ्याने सगळं बोलले. सासूचं नाव घेतलं, तुरामचं घेतलं. म्हटलं, "मोह मी पसरला होता. दगड मी रिकामा केला होता. पावलं मी काढली होती. आता या, घर तुमचं आहे." मग दुपार झाली. आज आवाज आलाच नाही. पहिल्यांदा.

जा, बघून ये. दिवा ने. मी अंधारात बसेन.

...

आलीस? बोल ना. उमटलंय?

"हो, आजी."

किती?

"एकच."

एकच? कुणाचं? सासूचं की... बरं, ते राहू दे. तोंड कुणीकडे आहे त्याचं? आत?

"नाही आजी. दाराकडे. उजव्या पायाचं."

नंदी, अशी खाली का वाकलीस? दिवा माझ्या पायांशी कशाला धरतेस? सोड, सकाळपासून या चटईवरून मी हललेली नाही, तूच तर बसवलंस... काय पुसतेस तळव्याचं? राख? माझ्या पायाला? करंगळी सोड गं, दुखते ती...