खालून तीन ठोके

दिवसभर कोणी विचारत नाही, म्हातारा जेवला का, गोळी घेतली का. अंधार पडला की मात्र सगळ्यांना म्हाताऱ्याचा पुळका येतो. "आजोबा, सांगा ना. आजोबा, सांगा ना." सूनबाईला संध्याकाळी जिन्यात चक्कर आली, ती आत डोळे मिटून पडलीय. तिचे पाय चेपायचे सोडून तुम्हाला मामाआजोबांच्या चक्करेची गोष्ट पाहिजे. लाज वाटत नाही.

बरं, सांगतो. एकदाच सांगणार. ते मोबाइल पालथे ठेवा आणि मध्ये तोंड घालू नका.

ही आमची नात नर्सिंग शिकते, तिने लगेच तोंड घातलंच. म्हणे, "आजोबा, चक्कर उगाच येत नाही. कानामुळे येते, शुगरमुळे येते, बीपीमुळे येते, मानेमुळे येते. कारण असतंच."

असतं ना? मग ऐक, आणि शेवटी तूच सांग हे कशात बसतंय ते. मी चौथी शिकलेला माणूस. मला नाही बसवता आलं.

मी पाणीखात्यात एकतीस वर्षं काढली. व्हॉल्व्ह फिरवायचे, गळती बंद करायची, टाकी भरली की नाही बघायचं. तुमच्या आजीचा धाकटा भाऊ, म्हणजे तुमचे मामाआजोबा, माझा मेहुणा, माझ्याच हाताखाली लागला. अकरा वर्षं रोजंदारीवर. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात त्याची कायम व्हायची फाइल वर गेली होती. एक जानेवारीपासून कायम. तोवर कुठे डाग लागला नाही म्हणजे झालं. तो इतका जपत होता की शिंकायचासुद्धा परवानगी घेऊन.

आता टाकी कशी ते नीट समजून घ्या, नाहीतर उद्या पुन्हा माझ्या डोक्याला ताप. उंचावरची टाकी, खाली एक जाड पोकळ खांब. त्या खांबाच्या पोटात गोल जिना. एकशे अठरा पायऱ्या. इतका अरुंद, की दोन्ही खांदे भिंतीला घासतात. खिडकी एकही नाही. कडेला वरपासून खालपर्यंत एकच लोखंडी पाइप, धरायला. वर गेलं की टाकीच्या छपरावर निघायचं. तिथं लोखंडी झाकण. झाकण उघडलं की आत पाणी, आणि पाण्यात उतरणारी लोखंडी शिडी, थेट तळापर्यंत. टाकी धुवायच्या वेळेलाच ती वापरायची.

वर जाणारा चपला खाली दारात काढून जायचा, पिण्याचं पाणी म्हणून. आणि एकटा कोणी जायचं नाही. एक वर, एक खाली. आत मोबाइल लागत नाही, हाक मारली तर आवाज नुसता घुमतो. म्हणून पाइपावर पान्याने ठोकायचं. वरच्याने दोन ठोके दिले की 'मी ठीक आहे.' खालच्यानेही उलट दोन द्यायचे. खालून तीन आले की 'खाली ये.' बस, एवढीच आमची भाषा. कोणी शिकवली नाही, कुठे लिहिलेली नाही, पण ती मोडायची नाही.

अकरा डिसेंबर. बुधवार. रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. पाण्याची पातळी दाखवणारा काटा अडकला होता. सकाळी पाच वाजता पाणी सोडायचं, तर टाकीत किती आहे ते डोळ्यांनी बघून यायला हवं. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही बसा खाली. तुम्ही वर जाऊन याल तोवर माझी रिटायरमेंट होईल."

मी म्हटलं, "आधी कायम तर हो, मग रिटायर हो."

हसत चढला. जिन्यातला दिवा चालू. अर्ध्यावर गेल्यावर त्याने दोन ठोके दिले, मी दोन दिले. सगळं रोजच्यासारखं.

तेवढ्यात आमचा सुपरवायझर मोटारसायकलवर आला. त्याला आम्ही शिक्केसाहेब म्हणायचो. खिशात पेन नसेल एक वेळ, रबरी शिक्का असायचाच. म्हणे, मागच्या गल्लीतला व्हॉल्व्ह फुटलाय, रस्ताभर पाणी, लोक माझ्या नावाने ओरडतायत, आत्ताच्या आत्ता जा.

मी म्हटलं, "साहेब, वर माणूस आहे."

"वर माणूस आहे, मग तू खाली काय पाळणा हलवणार आहेस त्याचा? दहा मिनिटांचं काम आहे. जातोस की लिहून पाठवू?"

लिहून म्हणजे कोणाविरुद्ध लिहिलं असतं? माझं लिहून काय होणार होतं! वर गेलेली मेहुण्याची फाइल त्याच्याच शेऱ्यावर अडलेली होती.

मी गेलो.

जाताना पाइपाशी थांबलो होतो. पाना हातात होता. पण 'मी जातोय' असा ठोका आमच्यात नव्हताच. तीन द्यावेत तर तो काम सोडून उतरेल. म्हणून काहीच दिलं नाही. ते माझं चुकलं. हे मी त्याला दहा वेळा म्हटलंय आणि आज तुमच्यासमोरही म्हणतो.

पुढचं मेहुण्याने मला दवाखान्यात सांगितलं, जसं सांगितलं तसं सांगतो.

तो वर पोचला. झाकण उघडलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. झाकण लावलं, कडी घातली, असं तो आजही शपथेवर सांगतो. मग परत जिन्यात शिरला आणि दिवा गेला. मोबाइलचा उजेड लावला, साडेआठला दोन मिनिटं कमी होती. तेवढ्यात पाइपावर ठोके आले.

तीन.

त्याला वाटलं, दाजींनी बोलावलं. त्याने दोन दिले आणि उतरायला लागला. त्याला पायऱ्या मोजायची सवय. पन्नास. ऐंशी. शंभर. पुन्हा तीन ठोके. "आलो, आलो, दाजी, धीर धरा," असं ओरडला. एकशे अठराला त्याने पाय जमिनीवर टाकला.

जमीन नव्हती. पायरी होती.

त्याला वाटलं, मोजायला चुकलो. एकशे वीस. एकशे तीस. भिंत दोन्ही खांद्यांना घासतेय. दीडशे. हाक मारली, "दाजी!"

उत्तर नाही. ठोके आले. तीन.

तो मागे फिरला. वर चढायला लागला. पंचवीस-तीस पायऱ्या चढला असेल, आणि ठोके आले ते लांबून नाही, तेवढ्याच जवळून… पायाखालून. वर जावं तरी तेच, खाली जावं तरी तेच. मोबाइलमध्ये बघितलं तर सव्वानऊ. पाऊण तास तो जिन्यात होता. त्या जिन्याला चार मिनिटं लागतात.

मग मोबाइलही मिटला.

आता नुसता पाइप. एक हात पाइपावर, एक भिंतीवर. उतरत राहिला. दुसरं करणार काय? दोनशे. दोनशे साठ. तळपायांना गार लागायला लागलं. त्याला बरं वाटलं. खालच्या दारातून वारा येतोय, म्हणजे दार जवळ आलं. गार वाढत गेलं. घोट्यांना. पोटऱ्यांना. गुडघ्यांना. मग पार छातीपर्यंत.

तीन ठोके.

आणि चक्कर आली.

आधी कधी आली नव्हती त्याला. खांबच फिरला म्हणाला. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. कानात शिट्टी. हात सुटणार असं वाटलं. तेव्हा त्याने कमरेचा पट्टा काढला आणि स्वतःला पाइपाला बांधून घेतलं. लहान मुलाला कोणी बांधावं तसं. मला सांगताना त्याला त्याचीच लाज वाटत होती. पण एक पाऊलही पुढे टाकायची ताकद नव्हती.

तीन ठोके.

"चक्कर येतेय… थांबा जरा, दाजी…"

तीन ठोके. आणखी जवळ.

"दाजी…?"

…

तीन. त्याच्या तळपायांखालीच. हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ.

त्याने हात लांबवला नाही.

मग काहीच नाही. नुसता अंधार, आणि तो बांधलेला. किती वेळ, माहीत नाही. देवाचं नाव सुचेना, म्हणून आकडे म्हणत बसला.

माझं दहा मिनिटांचं काम दोन तासांचं झालं. दहा वाजून पाच मिनिटांनी मी टाकीपाशी आलो. दारात त्याच्या चपला. जिन्यातला दिवा चालू. चालू! ढळढळीत उजेड. मी दोन ठोके दिले. उत्तर नाही. तीन दिले. नाही. मग हे गुडघे घेऊन चढलो. एकशे अठरा. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत माणूस नाही.

छपरावर आलो. स्वच्छ चांदणं, गार वारा. झाकण उघडं.

मी टॉर्च आत मारली…

तो आतल्या शिडीवर होता. पाणी छातीपर्यंत. पट्ट्याने शिडीला बांधलेला. डोळे उघडे. ओठ निळे. आणि मोजत होता. "चारशे बारा… चारशे बारा…" तोच आकडा, परत परत.

मी हाक मारली. त्याने वर बघितलंच नाही. खाली, पाण्यात बघून म्हणाला, "दाजी, आलात? किती वेळ बोलावताय. दिवा लावा ना खाली."

मी वर होतो रे. मी त्याच्या डोक्यावर होतो.

कसा काढला ते विचारू नका. पट्टा ओला झालेला, गाठ सुटेना, दातांनी सोडवली.

आता ऐक, नर्सबाई. दवाखान्यात सात दिवस ठेवला. शुगर बरोबर. बीपी बरोबर. डॉक्टरने कानात नळी घातली, मान वाकवून बघितली, डोक्याचा फोटो काढला. सगळं ठणठणीत. मी म्हटलं, पोट रिकामं असेल. तर साडेसातला तो घरून पोटभर जेवून आला होता, तुमच्या आजीनेच वाढलं होतं. क्लोरीनचा वास डोक्यात गेला म्हणावं, तर उघड्या वाऱ्यावर वास कुठला? गोल जिन्याने चक्कर येते म्हणतात, पण अकरा वर्षं त्याला कधी आली नाही. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "काका, काही चक्करांचं कारण आम्हालाही सापडत नाही. पण ही आली नसती तर तो आणखी चार पायऱ्या उतरला असता."

मला तर वाटतं, ती चक्कर नव्हतीच. कोणीतरी त्याला मानगुटीला धरून थांबवत होतं. कोण, ते मला विचारू नका. मला एवढंच कळतं, की खालून बोलावणारं एक होतं आणि थांबवणारं दुसरं.

शिक्केसाहेबाला मात्र कारण लगेच सापडलं. त्याने रिपोर्टात लिहिलं: कामावर असताना मद्यप्राशन. खाली शिक्का. जो माणूस सणालासुद्धा कधी थेंब घेत नाही, ज्याच्या रक्तात दवाखान्याला काही सापडलं नाही, त्याच्या नावापुढे हे. खाली उभा असलेला माणूस कोणी हलवला, ते त्या कागदात कुठेच नाही. मी जाऊन सांगितलं, भांडलो, टेबलावर हात आपटला. म्हणे, "तू मध्ये पडू नकोस, तुझंही नाव येईल." एक जानेवारी आली आणि गेली. फाइल परत आली. अकरा वर्षं पाण्यात.

पाण्यात माणूस उतरला म्हणून टाकी रिकामी करून धुवायची ठरली. त्या रात्रीपासून चौथ्या दिवशी. मी म्हटलं, मीच उतरतो. सकाळचे अकरा वाजलेले, वरून ऊन आत येत होतं.

शिडीला दोन वर्षांचा गाळ. हिरवट, बुळबुळीत, बोटभर जाड. प्रत्येक दांड्यावर सारखा. मेहुणा उभा होता तिथे पुसला गेलेला, त्याखाली पुन्हा तसाच जाड. त्याखाली कोणाचाही पाय लागलेला नाही.

मी तळाशी पोचलो.

सगळ्यात खालचा दांडा स्वच्छ होता. पुसून काढल्यासारखा. आणि लोखंडाला पोचे पडले होते. ताजे, चकाकणारे, पान्याने ठोकल्यावर पडतात तसले. तीन… मग थोडी जागा. तीन… मग थोडी जागा. तीन. दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्या दांड्यावर त्या रात्री पंधरा फूट पाणी होतं.

मी शिक्केसाहेबाला खाली बोलावलं. नाक मुरडत उतरला. मी बोट दाखवलं. त्याने बघितलं. खाली बसला, अंगठा फिरवला त्या पोच्यांवरून, एकेक करून. तोंडाचा रंग उडाला. मग उठला आणि वर निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्या एका दांड्याला काळा रंग मारून घेतला.

मेहुणा आता दुसऱ्याच्या दुकानात माल उतरवतो. गोल जिना दिसला की बाहेरच उभा राहतो. मी माफी मागितली की हसतो. म्हणतो, "दाजी, तुमचा काय दोष? 'मी जातोय' असा ठोकाच नव्हता आपल्याकडे."

माझं मागून झालंय. ज्याने स्वतःच्या अंगठ्याने ते पोचे मोजले आणि तरी तो कागद फाडला नाही, त्याचं राहिलंय. पुढच्या चौकात पांढऱ्या घरात राहतो, रोज सकाळी फिरायला जातो, मला बघितलं की रस्ता बदलतो. तो शिक्केसाहेब.