नफ्तालीला बोलावणं

मी बुकारेस्टची. लग्न होऊन या डोंगराळ गावात आले, त्याला तेव्हा जेमतेम सात आठवडे झाले होते. गावात ज्यूंची घरं उरली होती तीन, आणि जुन्या प्रार्थनाघराची किल्ली माझ्या सासूबाई, ब्रान्या, सांभाळत. त्यांचा पाय मुरगळला म्हणून त्या दिवशी सकाळी किल्ली माझ्याकडे आली. दहाला पाहुण्यांची बस यायची होती. त्याआधी झाडून घ्यायचं, खिडक्या उघडायच्या, एवढंच काम.

"आधी तीनदा दार ठोठावायचं," त्यांनी बजावलं होतं. "मग जरा थांबायचं. रात्री आपली गेलेली माणसं तिथे प्रार्थनेला जमतात. त्यांना निघायला वेळ द्यावा लागतो."

मी मान डोलावली. नवी सून दुसरं काय करते?

धुक्यातून दारापाशी पोचले तेव्हा एका हातात बादली, दुसऱ्यात झाडू आणि किल्ली दातांत. बादली ठेवली, किल्ली फिरवली. ठोठावायचं राहूनच गेलं.

आत ऊब होती. आठवडाभर बंद असलेल्या दगडी इमारतीत, ऑक्टोबरात, दाटीनं माणसं उभी असावीत तशी ऊब. वितळलेल्या मेणाचा वास, ओल्या लोकरीचा, तपकिरीचा. पानांची सळसळ... आणि मग एका घोगऱ्या आवाजानं, काही घाई नसल्यासारखी, हाक दिली.

"वाचनाला यावं... नफ्ताली, झेलिगचा मुलगा."

झेलिग म्हणजे माझे सासरे. वारून बारा वर्षं झालेली. त्यांना मुलगा एकच, माझा नवरा. आणि मेलेल्यांनी ज्याला पोथीच्या वाचनाला बोलावलं तो वर्ष काढत नाही, हे आमच्याकडे शहरातही सगळ्यांना माहीत असतं. नफ्ताली कोण, हा विचार मनात आलाच नाही. मी ऐकलं ते फक्त बापाचं नाव. ज्यावर चढून पोथी वाचतात, त्या मधल्या मंचाची लाकडी पायरी अंधारात करकरली. मग दुसरी... मी बादली तिथेच टाकून पळाले.

घरी अल्टर, माझा नवरा, पावाला आलुबुखाराचा मुरंबा फासत होता. भूत बघितलंस का, म्हणाला. अल्टर म्हणजे म्हातारा. चौतीस वर्षांच्या माणसाचं हे नाव. लग्नात मैत्रिणींनी त्यावरून मला पुरेसं छळलं होतं. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. तो चावत होता, गिळत होता. मग आत जाऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाव काय घेतलं? नीट सांग, पोरी."

"नफ्ताली."

त्या पलंगावर टेकल्या. आणि मग हसायलाच लागल्या, मुरगळलेला पाय धरून, डोळ्यांतून पाणी येईतो.

अल्टर तीन वर्षांचा असताना तापानं फणफणला होता. डॉक्टरनं आशा सोडली, तेव्हा सासऱ्यांनी त्याला उचलून प्रार्थनाघरात नेलं आणि पोथीसमोर त्याचं नफ्ताली हे नाव बदलून अल्टर ठेवलं. मृत्यू त्या नावाचं पोर शोधत आला तर त्याला एक म्हातारा भेटावा. पहाटे ताप उतरला. जुनं नाव त्यानंतर घरात कुणी उच्चारलं नव्हतं, अल्टरलाही ते माहीत नव्हतं.

"एकतीस वर्षं झाली," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मेले अजून जुन्याच यादीवरून हाका मारताहेत."

मला इतकं हलकं वाटलं की मी परसात जाऊन मनसोक्त रडले आणि येऊन अल्टरच्या ताटातला पाव खाल्ला.

मग सासूबाई माझ्या खांद्यावर रेलत स्वतः प्रार्थनाघरापाशी आल्या. तीनदा ठोठावलं. थांबलो. दार उघडलं तर आत नेहमीचा गारठा, रिकामे बाक. मी खिडक्या उघडल्या, झाडू घेतला आणि मंचापाशी गेले.

पायऱ्यांवरच्या धुळीत पावलं उमटली होती. अनवाणी, माझ्या तळहाताएवढी, तीनेक वर्षांच्या पोराची असावीत तशी. पाचही पायऱ्या चढून वर गेलेली. उतरलेलं एकही नव्हतं.

सासूबाईंनी वाकून पहिल्या पावलाशेजारी हात टेकला. मग माझ्या हातातला झाडू काढून घेतला.

"पायऱ्या राहू दे आज," म्हणाल्या.