कोपऱ्यातलं बोट

मोबाईल ठेवा बाजूला, नाहीतर मी उठतो. हं, आता ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या जिवलग दोस्ताबरोबर घडलेली आहे. तो जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो, म्हणून आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो. त्याच्या एकाही पेशंटनं आजवर तक्रार केलेली नाही, एवढं खरं.

गेल्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार. डॉक्टरला त्याच्या ओळखीच्या शिंप्याचा फोन आला. माळ्यावर सतरा वर्षं पडून असलेला कॉम्प्युटर खाली काढलाय, त्यातले घरचे फोटो हवेत. "आता जास्त हलवू नका, मीच येतो," डॉक्टर म्हणाला. जुनी डिस्क म्हणजे म्हातारं माणूस. धक्का लागला की संपलंच.

साडेनऊला, जेवण उरकून तो गेला. शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर तो पिवळा पडलेला डबा. घरात दोघंच, शिंपी आणि त्याची वीस वर्षांची लेक. गारठा होता म्हणून शिंप्यानं दाराला आतून कडी घातली आणि डॉक्टरचा स्वेटर बघून म्हणाला, "मागून कॉलर उसवलीय. आणून टाक उद्या, लाज आणतोस."

लेकीला हसू आलं नाही. "काका, आईचा एक तरी फोटो निघू दे हो. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची. मला तिचा चेहराच आठवत नाही."

लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला होता. जे काही होतं ते या डब्यात.

"फोटो आहेत ढीगभर," शिंपी म्हणाला, "पण कॅमेरा कायम तिच्या हातात. आणि बोट भिंगावर! एक फोटो धड काढला नाही बाईनं." आणि हसला.

डिस्क कुरकुरत सुरू झाली. दोनशे चौदा फोटो. डॉक्टर एकेक उघडून आपल्या लॅपटॉपवर उतरवू लागला. लेक रांगतेय. शिंपी दातात दोरा धरून हसतोय. आणि प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यात एक बोट, नखाखाली इस्त्रीनं भाजल्याचा डाग.

"ही तुझी आई," शिंपी त्या बोटाकडे दाखवून म्हणाला.

दोनशे... दोनशे दहा... दोनशे चौदा.

"संपले?" लेकीनं विचारलं.

डॉक्टरला मान वर करवेना. "संपले, बाळा."



तेवढ्यात डिस्क कुरकुरली. आपली आपणच. कुणी हात लावला नव्हता. पडद्यावरचा आकडा बदलला.

दोनशे पंधरा.

डॉक्टरनं उघडला.

हीच खोली. हेच टेबल. तीन माणसं, पाठमोरी, पडद्यावर वाकलेली. मधल्याच्या स्वेटरची कॉलर... उसवलेली.

फोटो दाराकडून काढलेला होता. वरच्या कोपऱ्यात बोट. नखाखाली डाग.

कुणी वळेना. डॉक्टर सांगतो, श्वाससुद्धा...

शेवटी लेकच वळली. "आई?"

दार बंद. कडी तशीच. आणि तो कॅमेरा तर कधीच मोडीत गेला होता.

पोर ढसाढसा रडली. भीतीनं नाही रे. म्हणाली, "बाबा, आपण तिला तिकडे शोधत बसलो... आणि ती आपल्या मागे उभी होती."

डॉक्टरनं तो फोटो तेवढा उतरवून घेतला. डिस्क थांबली. पुन्हा कधी चालली नाही.

तो फोटो आता शिंप्याच्या दुकानात लावलेला आहे. मी या डोळ्यांनी पाहिलाय. गिऱ्हाईकं विचारतात, असा कसा फोटो, सगळे पाठमोरे, आणि हे कोपऱ्यात काय आलंय?

शिंपी कापड मोजत राहतो. मान वर करत नाही.

"बायकोनं काढलाय," म्हणतो. "तिला कुठं धड काढता येतो!"